भरलेली बॅटरी आणि वाहतं पाणी

भर दुपारी सौर पॅनलची तार काढली तर पॅनलला काही होत नाही. टोकांवरचं व्होल्टेज थोडं चढतं, प्रवाह थांबतो आणि पॅनल उन्हात तसंच पडून राहतं. बॅटरी भरली की सौरसंचाचा चार्ज कंट्रोलर नेमकं हेच करतो, येणारी वीज घ्यायची कमी करतो किंवा थांबवतो. पाण्यावर फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनची तार अशी काढली तर मात्र चाक मोकळं सुटतं. त्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, त्याबरोबर व्होल्टेज चढतं आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला जे उपकरण असेल ते जळू शकतं. महावितरणची लाइन पोचत नाही अशा घरात किंवा शेतघरात ओढ्याच्या पाण्यावर वीज करून ती बॅटरीत साठवायची असेल, तर सगळ्या जोडणीचा विचार या एका फरकापासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. वीज तयार कशी होईल याचा खल सगळेच करतात. ती नको असेल त्या क्षणी कुठे जाईल, हे मात्र बहुतेकदा बॅटरी फुगल्यावर किंवा इन्व्हर्टर जळाल्यावर आठवतं.

आधी या विजेचं मोल किती ते पाहू. सेकंदाला किती लिटर पाणी येतं आणि ते किती मीटर उंचीवरून पडतं, या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला ९.८१ ने गुणलं की पाण्यातली शक्ती वॉटमध्ये मिळते. पाइपातलं घर्षण, चाक, जनरेटर आणि तारा यांत मिळून छोट्या संचात जवळपास निम्मी शक्ती जाते, म्हणून ९.८१ च्या जागी ५ धरावेत. सेकंदाला ५ लिटर पाणी आणि २० मीटर उंची असेल तर ५०० वॉट मिळतात. आकडा किरकोळ वाटतो, पण तो चोवीस तास चालू असतो, म्हणजे दिवसाला १२ युनिट होतात. महाराष्ट्रात १ किलोवॉटचं सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चार ते पाच युनिट देतं. म्हणजे हा अर्धा किलोवॉटचा झोत सुमारे अडीच-तीन किलोवॉट पॅनलांच्या बरोबरीचा ठरतो. ही मोजमापं करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. २०० लिटरचं पिंप ४० सेकंदांत भरलं तर प्रवाह ५ लिटरचा, आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब टप्प्याटप्प्यानं लावत वर गेलं की उंची कळते. पाइपाची निवड मात्र हिशेबानं करावी. शंभर मीटर लांबीच्या ६३ मिलिमीटर पाइपातून हे ५ लिटर नेले तर सुमारे ६ मीटर उंची घर्षणातच खर्ची पडते, तर ९० मिलिमीटरच्या पाइपात जेमतेम एक मीटर.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सह्याद्रीतले आणि कोकणातले बहुतेक ओहळ बारमाही नाहीत. पाऊस चार महिन्यांत कोसळतो, जांभ्यातून झिरपतो आणि कित्येक वहाळ शिमग्यापर्यंत कोरडे पडतात. मग एवढा खटाटोप कशाला, पॅनल लावून मोकळं व्हावं! पण जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर आणि कोकणात दिवसचे दिवस ऊन पडत नाही, आणि सौरसंचावरची घरं नेमकी तेव्हाच अंधारात जातात. पाणी आणि ऊन यांचे हंगाम इथे एकमेकांना पूरक आहेत. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला टर्बाइन, नंतर पॅनल, आणि दोघांना मिळून एकच बॅटरी, ही रचना या प्रदेशाला साजेशी आहे. बारमाही झरा असेल तर त्याचं पाणी एप्रिल-मे महिन्यांत मोजून टर्बाइन ठरवावं, ऑगस्टच्या लोंढ्यावर विसंबू नये. शेजारच्या कर्नाटकातल्या मलनाडमध्ये घरगुती पिको-हायड्रो, म्हणजे असेच अगदी छोटे जलविद्युत संच वापरात आहेत, आणि तो याच पश्चिम घाटाचा भाग आहे.

आता चाक मोकळं का सुटतं ते पाहू. २० मीटर उंचीवरून आलेलं पाणी नॉझलमधून सेकंदाला जवळपास २० मीटर वेगानं बाहेर पडतं. पेल्टन चाकाच्या वाट्यांवर हा झोत आदळतो. वाटी झोताच्या निम्म्या वेगानं पुढे सरकत असेल तर पाण्यातली ताकद सर्वांत जास्त उतरते, कारण मागे फिरलेलं पाणी तेव्हा जवळजवळ वेगहीन होऊन खाली पडतं. लेस्टर पेल्टनने १८८० साली पेटंट घेतलेली ही वाट्यांची रचना पुढे जगभर गेली. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जे जलविद्युत केंद्र सुरू झालं, तेही घाटावरून पाचशे मीटरांहून अधिक खाली येणाऱ्या पाण्याच्या अशाच झोतांवर चालणारं. पण वाटीचा वेग निम्मा राहतो तो तिला विरोध असतो म्हणून. हा विरोध जनरेटर करतो, आणि जनरेटर तो तेव्हाच करतो जेव्हा त्यातून प्रवाह वाहत असतो. प्रवाह तुटला की विरोध संपतो आणि वाटी झोताच्या वेगाच्या जवळ पोचेपर्यंत धावत सुटते. म्हणजे नेहमीच्या पावणेदोन ते दोन पट वेग. छोट्या टर्बाइनमध्ये बहुधा कायम चुंबकाचा जनरेटर असतो आणि त्याचं व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात वाढतं. शिवाय प्रवाह नसल्यामुळे वेटोळ्यांतली घटही उरत नाही. म्हणून चालू असताना ७० व्होल्ट देणारं यंत्र मोकळं सुटल्यावर १४० व्होल्ट किंवा त्याहून थोडं अधिक दाखवू शकतं. एवढा डीसी दाब माणसाच्या जिवालाही धोक्याचा असतो.

हे समजलं की बॅटरीकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं. तीन फेजांची वीज सहा डायोडांच्या रेक्टिफायरमधून डीसी करून थेट ४८ व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर बॅटरी त्या तारेवरचं व्होल्टेज आपल्या पातळीला धरून ठेवते आणि व्होल्टेजबरोबर चाकाचा वेगही बांधला जातो. सौरसंचात बॅटरी हे फक्त साठवणीचं साधन असतं. पाण्याच्या संचात ती चाकाचा विरोधही पुरवते. म्हणून ती भरली की दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. वीज घेत राहावी तर बॅटरी बिघडते, न घ्यावी तर चाक सुटतं. आणि ती भरणार हे नक्की असतं, कारण सौरसंचातल्या बॅटरीला रात्रीची विश्रांती मिळते, इथे रात्रही चार्जिंगचीच. घरातले सगळे झोपलेले असताना दोन-चार दिवे आणि फ्रिज मिळून शंभर-दीडशे वॉट लागतात, आणि टर्बाइन मात्र ५०० वॉट पाठवत राहतं. शिसं-आम्लाच्या ४८ व्होल्ट बॅटरीत २४ सेल असतात. प्रत्येकी २.४ व्होल्ट, म्हणजे एकूण ५७.६ व्होल्टच्या आसपास चार्जिंगचा जोराचा टप्पा संपतो, आणि त्यानंतर तिला ५४ व्होल्टवर, अगदी थोड्या प्रवाहावर ठेवायचं असतं. त्यापुढे रेटलेली वीज पाण्याचं विघटन करते. बॅटरीतलं पाणी आटतं आणि हायड्रोजन सुटतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते, म्हणून बॅटरीची खोली वरच्या बाजूनं हवेशीर हवी.

यावर उपाय एकच, जास्तीच्या विजेला जायला दुसरी वाट ठेवणं. घरावरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो तसा हा प्रकार. त्याला डायव्हर्जन लोड किंवा डंप लोड म्हणतात, आणि त्याचा कंट्रोलर बॅटरीच्या टोकांवर नजर ठेवून असतो. ठरवलेलं व्होल्टेज ओलांडलं की तो टर्बाइनला तोडत नाही, तर जास्तीची वीज एका तापणाऱ्या रेझिस्टरकडे वळवतो. चाकाला काहीच कळत नाही, त्याचा भार तेवढाच राहतो. बॅटरीशिवाय चालणाऱ्या नेपाळमधल्या सूक्ष्म जलविद्युत संचांतही तत्त्व हेच आहे. गावातले दिवे लागोत वा विझोत, इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर उरलेली वीज हीटरकडे सोडतो आणि जनरेटरवरचा एकूण भार कायम ठेवतो.

हा भाग सोपा दिसतो म्हणूनच तिथे चुका होतात. बाजारात सहज मिळणारा २३० व्होल्ट, २,००० वॉटचा गिझर एलिमेंट आणून बॅटरीला जोडला की दोन किलोवॉटची सोय झाली, असं वाटतं. पण रेझिस्टरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ५४ व्होल्टवर तोच एलिमेंट अवघे ११० वॉट खातो. ५०० वॉट जिरवायचे तर असे पाच-सहा समांतर जोडावे लागतील, किंवा ४८ व्होल्टसाठीच बनवलेला एलिमेंट घ्यावा लागेल. एकूण क्षमता टर्बाइनच्या कमाल शक्तीपेक्षा निदान सव्वापट ठेवावी. पॅनलही त्याच बॅटरीवर असतील आणि त्यांचा कंट्रोलर वेळेवर हात आखडता घेत नसेल तर त्याहून जास्त. दुसरी चूक थर्मोस्टॅटची. पाणी तापवणारा एलिमेंट पाणी तापल्यावर थर्मोस्टॅटनं बंद होतो, म्हणजे आपण ज्या वाटेच्या भरवशावर होतो ती वाटच बंद होते. म्हणून पाणी तापवणं हा पहिला टप्पा असू द्यावा, आणि त्याच्या पलीकडे हवेत उष्णता सोडणारा, कुठलाही थर्मोस्टॅट नसलेला रेझिस्टर थोड्या वरच्या व्होल्टेजला चालू होईल असा ठेवावा. हा रेझिस्टर लालबुंद होऊ शकतो. त्याला लाकडी भिंतीपासून, गवताच्या गंजीपासून आणि बॅटरीच्या खोलीपासून दूर, जाळीच्या पेटीत बसवावं. कंट्रोलर बिघडला तर काय, हा प्रश्नही विचारावा आणि परवडत असेल तर दुसरा, स्वतंत्र कंट्रोलर लावावा.

दुसरा आक्षेप असा की एवढी वीज जाळण्यापेक्षा पाणीच बंद का करू नये? बॅटरी भरली की झडप बंद, उतरली की उघडी. विचार तर्काला धरून आहे, पण पाण्याच्या स्वभावाशी जुळत नाही. लांब पाइपातून धावणारं पाणी एकदम अडवलं तर त्याच्या गतीचं रूपांतर दाबात होतं. पीव्हीसी पाइपात ही दाबाची लाट सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगानं जाते. पाण्याचा वेग सेकंदाला फक्त एक मीटर असला तरी झटक्यात बंद केलेल्या झडपेमुळे सुमारे ४० मीटर उंचीइतका जास्तीचा दाब येतो. मूळचे २० मीटर धरून तो ६० मीटर झाला, म्हणजे ६ किलो दाबाचा पाइप आपल्या मर्यादेला टेकला आणि ४ किलोचा ती ओलांडून गेला. झडप हळू बंद केली तर हा धोका टळतो, पण मग त्या मधल्या मिनिटभरात वीज कुठे जाणार? तेव्हाही डंप लोड लागतोच. मोटरवर फिरणारी झडप अतिरिक्त सोय म्हणून चांगली, पण ती डंप लोडची जागा घेऊ शकत नाही. त्यापेक्षा मोठ्या पेल्टन केंद्रांत वापरली जाणारी जुनी युक्ती छोट्या संचातही करता येते. नॉझलसमोर एक पत्रा बिजागरीवर बसवायचा. तो खाली पडला की झोत वाट्यांऐवजी बाजूला जातो. पाणी थांबत नाही, त्यामुळे पाइपाला धक्का नाही, आणि चाक काही सेकंदांत मंदावतं. या पत्र्याला डिफ्लेक्टर म्हणतात. तो शंभर-दोनशे रुपयांच्या लोखंडातून बनतो, तरी कित्येक घरगुती संचांत नसतो, याचं मला नवल वाटतं.

आणि वीज जाळणं ही उधळपट्टी नाही का? डिझेल जनित्राच्या बाबतीत ती असती. ओढ्याचं पाणी मात्र आपण वापरलं काय, न वापरलं काय, खाली पडणारच असतं, आणि पडताना त्याची ऊर्जा दगडांवर आपटून उष्णतेतच विरते. डंप लोड तीच उष्णता घरात आणतो. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे ४.६ युनिट लागतात. रात्रभर उरलेल्या ३५० वॉटमधून पहाटेपर्यंत त्यातली बरीचशी मिळतात. श्रावणात, जेव्हा सौर गिझर निरुपयोगी आणि सरपण ओलं असतं, तेव्हा चुलीवरचा बंब पेटवायची गरज राहत नाही. लाकूडतोड वाचते आणि घरातल्या बायकांचा धुराचा त्रासही.

तिसरा आक्षेप सर्वांत नवा आणि सर्वांत विचार करायला लावणारा आहे. पॅनलमधून सर्वांत जास्त वीज मिळेल असा बिंदू शोधत राहणारे एमपीपीटी कंट्रोलर आता स्वस्त झाले आहेत, टर्बाइन त्यांच्या सौर टोकांना जोडावं, बॅटरी भरल्यावर चाक मोकळं फिरू द्यावं, डंप लोडची कटकटच नको, असं काही जण म्हणतात. यात तथ्य आहे. पवनचक्कीसारखं पाण्याचं चाक अमर्याद वेग घेत नाही, झोताच्या वेगापुढे ते जाऊच शकत नाही. बेअरिंग त्या वेगासाठी निवडलेली असतील, चाक नीट तोललेलं असेल आणि बनवणाऱ्यानं लेखी परवानगी दिलेली असेल, तर ही पद्धत चालते. पण दोन अटी आहेत. सौर पॅनल आपल्या मोकळ्या व्होल्टेजच्या सुमारे ८० टक्क्यांवर सर्वांत जास्त वीज देतं, तर टर्बाइन जवळपास ५० टक्क्यांवर. निव्वळ पॅनलांसाठी लिहिलेला एमपीपीटीचा प्रोग्रॅम टर्बाइनचा योग्य बिंदू चुकवू शकतो. म्हणून ज्यात जलविद्युतसाठी वेगळी सेटिंग आहे असाच कंट्रोलर घ्यावा. दुसरी अट व्होल्टेजची. ४८ व्होल्टची बॅटरी भरायला एमपीपीटीला साठ-सत्तर व्होल्ट तरी मिळायला हवेत. चालताना ७० व्होल्ट असतील तर मोकळे १४० होतात, आणि १५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर तिथे कड्याच्या टोकाशी उभा असतो. नॉझल थोडं बदललं, पावसात उंची दोन-तीन मीटरनं वाढली की तो जळतो. अशा ठिकाणी २५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर घ्यावा किंवा मधे व्होल्टेज क्लिपर बसवावा. आणि क्लिपर म्हणजे तरी काय, ठरावीक व्होल्टेजनंतर वीज रेझिस्टरकडे वळवणारं उपकरणच. डंप लोड दारातून घालवला तरी खिडकीतून परत येतो.

लिथियम बॅटरीनं हा प्रश्न सोडवला नाही, उलट अधिक धारदार केला. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते, जास्त वर्षं टिकते, खोलवर वापरता येते, हे सगळं खरं. पण तिच्या पोटात सेलवर नजर ठेवणारा एक बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) असतो आणि एखादा सेल मर्यादेबाहेर गेला की तो सगळी बॅटरी एका क्षणात तोडतो. शिसं-आम्लाची बॅटरी जास्त चार्ज झाली तरी तारेवर राहते आणि हळूहळू खराब होते. लिथियम बॅटरी स्वतःला वाचवते आणि उरलेल्या संचाला वाऱ्यावर सोडते. चाक सुटतं, व्होल्टेज उसळतं आणि इन्व्हर्टरला फटका बसतो. म्हणून लिथियम वापरताना डंप लोड बीएमएसच्या मर्यादेच्या बराच खाली, साधारण ५५-५६ व्होल्टवर सुरू व्हावा, आणि शक्य असेल तर बीएमएसचा इशारा थेट डिफ्लेक्टरला किंवा डंप रिलेला जावा. पाण्याच्या संचाला बॅटरी फार मोठीही लागत नाही. रात्र काढायची नसते, फक्त संध्याकाळचा मिक्सर, पंप, टीव्ही यांचा एकत्र ताण पेलायचा असतो. तीन तास १,२०० वॉट लागले आणि टर्बाइन ५०० देत असेल तर तूट अवघी २.१ युनिटची. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी ती भागते. मोठ्या बॅटरीवरचे हे वाचलेले पैसे दुसऱ्या डंप कंट्रोलरवर खर्च करणं शहाणपणाचं.

केबलचाही हिशेब आधीच करावा. टर्बाइन वहाळाच्या तळाशी आणि घर दोनशे मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४०० मीटर तार होते. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ४८ व्होल्टवर ५०० वॉट आणताना सुमारे ९ टक्के वीज तारेतच जाते, तर २४ व्होल्टवर सुमारे ३७ टक्के. अंतर वाढलं की व्होल्टेज वाढवणं एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि व्होल्टेज वाढलं की मोकळ्या चाकाचा धोकाही वाढतो. बॅटरीच्या टोकाशी फ्यूज हवाच, कारण शॉर्ट झाला तर ती हजारो अँपिअर ओतू शकते, आणि सगळे ब्रेकर डीसीसाठीचेच हवेत, कारण घरातल्या एसी ब्रेकरला डीसीची ठिणगी नीट विझवता येत नाही. पण टर्बाइन आणि बॅटरी यांच्यामधला ब्रेकर पडला तर भार तुटतो, हे विसरता कामा नये. म्हणून तो घाईनं पडणार नाही इतका मोठा असावा, आणि निदान एक डंप लोड त्या ब्रेकरच्या टर्बाइनच्या बाजूला असावा. संच बंद करण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी डिफ्लेक्टर पाडायचा, मग झडप सावकाश बंद करायची, चाक थांबल्याची खात्री करायची आणि शेवटी ब्रेकर उघडायचा. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या आजीपासून कॉलेजातल्या मुलापर्यंत, माहीत असावा आणि मोठ्या मराठी अक्षरांत कंट्रोलरशेजारी लावलेला असावा.

ओढ्यातलं सगळं पाणी पाइपात घालू नये. पाणी उचलण्याची जागा आणि टर्बाइन यांच्या मधल्या पट्ट्यातले मासे, बेडूक आणि खालच्या पाटावरची शेती यांच्यासाठी पुरेसा प्रवाह सोडावा. पाइप वनजमिनीतून जाणार असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पाण्याच्या तोंडाशी पाचोळा अडवणारी जाळी आणि गाळ बसायला छोटं चेंबर नसेल तर पहिल्या मोठ्या पावसातच नॉझल तुंबेल. आणि टर्बाइनचे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे दोन गोष्टी लेखी मागा: तुमच्या उंचीला टर्बाइनचं मोकळं व्होल्टेज किती, आणि ते मोकळ्या वेगानं किती वेळ फिरू शकतं. हे दोन आकडे जो देऊ शकत नाही, त्याच्याकडून टर्बाइन घेऊ नका.